राष्ट्रीय आराखडा ते गावची उघाडी: हवामान बदलाशी जुळवून घेण्याचे काम नेमके कोणाचे?

खारेपाटी

अलिबाग तालुक्यातील आमचे गाव खाडीला लागून आहे आणि गावाची भातशेती बाहेरकाठ्याच्या आत आहे. ज्यांनी खारेपाट (खाडीकाठची खार जमीन) पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो: बाहेरकाठा म्हणजे खाडीचे खारे पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला मातीचा बांध, आणि उघाडी म्हणजे त्या बांधात बसवलेले दार. भरतीच्या दाबाने हे दार आपोआप मिटते, आणि ओहोटी लागली की आत साठलेले पावसाचे पाणी त्याला बाहेर ढकलून वाट काढते. वीज नाही, यंत्र नाही. चंद्राच्या हिशेबाने चालणारी ही व्यवस्था आमच्या आजोबांच्याही आधीपासून चालत आली आहे.

यंदा नारळी पौर्णिमेच्या उधाणाला मी उघाडीवर उभा होतो. डाव्या दाराची सर्वांत खालची फळी कुजून वीतभर फट पडली आहे, आणि पाणी चढू लागले तसे त्या फटीतून ते बुडबुडत आत येऊ लागले. पाठोपाठ बोई माशाची पिले आली आणि गावातील मुले टोपल्या घेऊन ती पकडायला धावली. मुलांना मौज वाटली, पण ज्या खाचरात दोन वर्षांपूर्वी भात होते तेथे आता निवट्या (चिखलातले मासे) उड्या मारतात आणि कडेला तिवराची (खारफुटीची) रोपे उगवली आहेत. सुमारे चाळीस एकर शेती या एका फळीवर अवलंबून आहे.

फळी बदलण्यासाठी मी गेले दीड वर्ष अर्ज करतो आहे. पंचायत सांगते की बांध आमच्या अखत्यारीत नाही. संबंधित कार्यालय सांगते की तुमची बंदिस्ती (बांध घालून राखलेली जमीन) खासगी आहे, शासकीय योजनांच्या यादीत नाही, त्यामुळे देखभाल करता येत नाही. तालुक्याचे म्हणणे असे की नुकसान झाल्यावर पंचनामा होईल, नुकसान होऊ नये म्हणून त्यांच्याकडे तरतूद नाही. याच काळात आमच्या पंचायतीने माझी वसुंधरा अभियानात हरित शपथही घेतली. मी स्वतः हात पुढे करून ती घेतली, म्हणून तक्रार करत नाही.

प्रश्न असा आहे. देशाचा हवामान बदलविषयक कृती आराखडा २००८ सालापासून अस्तित्वात आहे, राज्याचा अनुकूलन (म्हणजे जुळवून घेण्याचा) आराखडा आहे, जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा आहे, गावाचा विकास आराखडा आहे. या चार आराखड्यांच्या उतरंडीत आमची फळी कोठे बसते? जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त_नियोजन

खारेपाटी, मी जिल्हा नियोजनाच्या कामात बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. कंटाळा आल्यास वगळावे.

राष्ट्रीय कृती आराखडा ३० जून २००८ रोजी जाहीर झाला. त्यात आठ अभियाने होती: सौर ऊर्जा, ऊर्जा कार्यक्षमता, शाश्वत अधिवास, पाणी, हिमालयीन परिसंस्था, हरित भारत, शाश्वत शेती आणि ज्ञानविषयक अभियान. नीट वाचल्यास लक्षात येईल की हिमालयासाठी स्वतंत्र अभियान आहे, किनाऱ्यासाठी नाही. एकट्या महाराष्ट्राचा किनारा जुन्या मोजणीनुसार सुमारे ७२० किलोमीटरचा, परंतु किनारा हा विषय पाणी, शेती आणि अधिवास यांच्यात वाटला गेला. गाठ सुटते ती येथून. दिल्लीत ज्याला स्वतंत्र घर मिळाले नाही, त्याला खाली येईपर्यंत कोणी वाली उरत नाही.

त्यानंतर केंद्राने राज्यांना आपापले आराखडे करण्यास सांगितले. महाराष्ट्राने ते काम २०१० साली टेरी या संस्थेकडे दिले आणि २०१४ मध्ये अहवाल आला. त्यात जिल्हा हे एकक धरून असुरक्षिततेचा निर्देशांक काढला होता आणि नंदुरबार सर्वाधिक असुरक्षित ठरला. त्यात चूक काही नाही. केंद्राने २०१५ मध्ये राष्ट्रीय अनुकूलन निधी उभा केला, त्याची राष्ट्रीय अंमलबजावणी यंत्रणा नाबार्ड. आणि त्या निधीतून राज्याचा जो प्रकल्प मंजूर झाला तो नंदुरबार व बुलढाणा जिल्ह्यांतील ५१ गावांसाठी होता. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचा पहिला टप्पाही प्रामुख्याने मराठवाडा आणि विदर्भाचा. दुष्काळी शेतकऱ्याला ते मिळालेच पाहिजे होते, त्याविषयी दुमत नाही. मात्र ‘हवामान बदल म्हणजे पाऊस न पडणे’ असे एक समीकरण प्रशासनाच्या मनात पक्के झाले, आणि पाऊस व समुद्र दोन्ही अति होणारा आपला पट्टा त्या समीकरणात बसेना.

जिल्हा हे एकक धरल्याने आणखी एक गोष्ट होते. रायगड जिल्ह्यात पनवेलचे उड्डाणपूल आहेत आणि तुमची उघाडीही आहे. दोघांची सरासरी काढली की उघाडी दिसेनाशी होते.

पोफळीचे_आगर

नियोजनकाकांनी एककाचा विषय काढला म्हणून लिहिते. आमचे आगर (नारळ-सुपारीची बाग) श्रीवर्धन तालुक्यात आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आले, तेव्हा आम्ही स्वयंपाकघरातील जात्याजवळ बसून होतो, कारण घराचा तेवढाच भाग जुन्या चिऱ्याचा होता. दुपारी वारा थांबला तेव्हा मागील दार उघडले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला आमच्या मागच्या दारातून शेजारच्या पाखाडीतील देऊळ दिसले. मधली सगळी झाडे आडवी होती.

पंचनामा झाला. नुकसानभरपाई हेक्टरवर मोजायची होती. शासनाने फळबागांसाठी ती वाढवून हेक्टरी ५०,००० रुपये केली. आमचे आगर १२ गुंठ्यांचे. हिशेब केला तर ६,००० रुपये. ज्यांनी हा दर ठरवला त्यांच्या डोळ्यांसमोर द्राक्षाची किंवा डाळिंबाची बाग असावी, ओळीत लावलेली आणि एकराने मोजलेली. आमच्या आगरात माडाखाली पोफळ (सुपारीचे झाड), पोफळीवर मिरीचा वेल, खाली जायफळ आणि कडेला केळ असते. १२ गुंठ्यांत घर चालते ते या दाटीमुळे. खूप ओरड झाल्यावर झाडामागे भरपाई देण्याचा निर्णय झाला, सुपारीला ५० रुपये आणि नारळाला २५० रुपये. आमच्या १४० पोफळी आणि १४ माड गेले होते, म्हणजे १०,५०० रुपये. निदान झाड मोजले गेले, याचे समाधान. मात्र एका पोफळीचे एका वर्षाचे उत्पन्नही ५० रुपयांहून अधिक असते, आणि नवीन पोफळ धरायला सहा-सात वर्षे लागतात.

मला याहून महत्त्वाचे वाटते ते पुढचे. भरपाई घेऊन आम्ही पुन्हा तेच लावले, त्याच जागी, त्याच अंतरावर. वाऱ्याच्या बाजूला आडोसा कोणता लावावा, माडाची कोणती जात वाऱ्याला टिकते, मधल्या सहा वर्षांत घर कशावर चालवावे, हे विचारायला कोणीही आले नाही. पुढील वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर गेले, तेव्हा लावलेली रोपेही वाकली. जुळवून घेणे कशाला म्हणतात, ते मला या धाग्यावर पहिल्यांदा कळते आहे. आम्ही आतापर्यंत फक्त सोसत होतो.

कातळसडा

ताई, हेक्टरप्रमाणेच आम्हा आंबा बागायतदारांच्या वाट्याला महसूल मंडळ (काही गावांचा गट) आले आहे. हवामानावर आधारित फळपीक विम्यात मंडळातील हवामान केंद्रावर नोंदलेले तापमान, पाऊस आणि वारा यांवर भरपाई ठरते. आमचे केंद्र खाली नदीकाठी आहे आणि आमची कलमे वर कातळावर. मार्चमध्ये दुपारी कातळ तापतो तेव्हा फळ भाजून गळते, आणि खाली केंद्रावरील पारा ठरलेल्या मर्यादेच्या अलीकडेच राहतो. एकच मंडळ, परंतु दोन हवामाने. याहून अधिक काही सांगण्यासारखे नाही.

वाशिष्ठीकाठ

चिपळूणकर म्हणून थोडा वेगळा मुद्दा मांडतो. २२ जुलै २०२१ रोजी आमच्या बाजारपेठेत दुकानांच्या पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होते. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळली. त्या पुराची कारणे कोणती, हा वाद येथे नको, त्यावर पुष्कळ बोलून झाले आहे. मी फक्त एवढेच म्हणतो की वाशिष्ठीचा विचार रत्नागिरी जिल्ह्याच्या आराखड्यात पूर्ण होऊ शकत नाही. कोयनेचे धरण सातारा जिल्ह्यात, कृष्णेच्या खोऱ्यात; वीज तयार झाल्यावर सोडलेले पाणी सह्याद्री ओलांडून कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येते. म्हणजे नदी आमची, पाण्याचा एक हिस्सा दुसऱ्या खोऱ्याचा, चावी तिसऱ्या यंत्रणेकडे आणि भरतीची वेळ समुद्राकडे. सावित्रीचेही तसेच: महाबळेश्वरात उगम, पोलादपूर-महाडात पूर आणि बाणकोटला मुख. उगमापासून मुखापर्यंत तीन जिल्हे त्या नदीला शिवतात आणि तिन्ही जिल्ह्यांचे आराखडे स्वतंत्रपणे तयार होतात.

पूररेषांचे म्हणाल तर २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, ही विभागणी भूतकाळातील पावसावर आधारलेली असते. माझ्या वडिलांनी २००५ चा पूर पाहिला, मी २०२१ चा त्याच दुकानात पाहिला. शंभर वर्षांची गणना करणारी व्यक्ती आणि दुकानाचे शटर धुणारी व्यक्ती यांनी एकदा एकत्र बसायला हवे.

निवृत्त_नियोजन

वाशिष्ठीकाठ यांनी नेमके दुखणे सांगितले. कायद्यात यावर सोय नाही असे नाही. घटनेच्या ७४व्या दुरुस्तीने जिल्हा नियोजन समिती आली, आणि गाव व शहर यांचे आराखडे एकत्र करून जिल्ह्याचा एक मसुदा करणे हे तिचे काम आहे. प्रत्यक्षात समितीची बैठक म्हणजे पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली कोणत्या शीर्षकाला किती निधी याची चर्चा, हे मी आतून पाहिले आहे. खोऱ्याचा नकाशा टेबलावर आलेला मला आठवत नाही.

दुसरी अडचण विभागांची. हवामान अनुकूलन हा विषय केंद्रात पर्यावरण मंत्रालयाकडे आणि राज्यात पर्यावरण व वातावरणीय बदल विभागाकडे आहे. (या खात्याने ‘हवामान’ऐवजी ‘वातावरणीय’ का निवडले, हे कोडे मला सुटलेले नाही, गावात कोणी हा शब्द उच्चारत नाही.) या विभागाचे तालुक्यात स्वतःचे कार्यालय नाही. याउलट आपत्तीचा विषय केंद्रात गृह मंत्रालयाकडे, राज्यात मदत व पुनर्वसनाकडे आणि जिल्ह्यात थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. म्हणजे त्याला पाय आहेत आणि पैसाही आहे. अनुकूलनाला डोके आहे पण पाय नाहीत, आणि आपत्ती व्यवस्थापनाला पाय आहेत, परंतु ते पाणी शिरल्यावर धावतात.

खारेपाटी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर या दोहोंच्या मध्ये आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी राज्यांच्या आपत्ती निधीची विभागणी केली तेव्हा ८० टक्के प्रतिसादासाठी आणि २० टक्के सौम्यीकरणासाठी ठेवले, आणि साधारण राज्यांसाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के. सौम्यीकरण म्हणजे संकट येण्यापूर्वी त्याची धार कमी करणे. शिवाय राष्ट्रीय पातळीवर धूप रोखण्यासाठी १,५०० कोटी आणि धुपीमुळे विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी १,००० कोटी वेगळे सुचवले. तुमची फळी पर्यावरणाच्या दारातून आत जाणार नाही. ती सौम्यीकरणाच्या दारातून जाईल.

मांडवीची_खाडी

मी वेंगुर्ल्याहून लिहिते. येथे चित्र सगळेच काळे आहे असे म्हणू नये, म्हणून आमचा अनुभव नोंदवते. आमच्याकडे महिला बचत गट कांदळवन (खारफुटीचे जंगल) सफारी चालवतो. होडी आम्हीच वल्हवतो आणि तिवर, चिपी, कांदळ यांतील फरक पाहुण्यांना आम्हीच समजावून सांगतो. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ मध्ये सुरू झाला. हरित हवामान निधीतून आंध्र प्रदेश, महाराष्ट्र आणि ओडिशा या तीन राज्यांच्या किनाऱ्यासाठी २०१८ मध्ये सुमारे ४.३४ कोटी डॉलर मंजूर झाले, आणि त्यातून कांदळवनाची पुनर्स्थापना, खेकडापालन, कालवेपालन अशी कामे धरली गेली. जागतिक निधी, केंद्र, राज्य, वन विभाग आणि बचत गट अशी साखळी एका खाडीपर्यंत पोहोचू शकते, हे मी पाहिले आहे.

मात्र हे का जमले, तेही सांगायला हवे. कांदळवनाला एक मालक खाते होते आणि गावात काम करणारा एक गट आधीपासून तयार होता. बांधाला दोन्ही नाहीत.

आणि खारेपाटीदादा, एक अप्रिय प्रश्न विचारते. तुमच्या शेतात तिवर उगवला आहे असे तुम्ही लिहिले. तो आता तोडायचा म्हणता का?

खारेपाटी

ताई, प्रश्न अप्रिय असला तरी योग्य आहे, आणि रात्री झोप न लागण्याचे खरे कारण तोच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये कांदळवन तोडण्यास मनाई केली आणि सप्टेंबर २०१८ च्या निकालाने ती कायम केली. निकालाबद्दल मला आदर आहे. ती मनाई नसती तर मुंबईच्या आसपास एक तिवर उरला नसता. परंतु आमच्याकडे घडते ते असे: फळी कुजते, खारे पाणी येते, दोन पावसाळ्यांत तिवर रुजतो, आणि मग ती जमीन सातबाऱ्यावर भातशेती राहते आणि जागेवर कांदळवन होते. तेव्हा ना शेती करता येते, ना कोणी भरपाई देते. फळी जितकी लांबणीवर पडेल तितका शेतकरी आपल्याच जमिनीवर परका होतो. आमच्या शेजारच्या खारीत (बांधाआडच्या शेतजमिनीत) असे झाले आहे, आणि तेथील काही जण तर म्हणतात की आता खाडीलाच जागा द्यावी व जोताडा मासा पाळावा.

खरे सांगायचे तर त्यांचे म्हणणे वेडेपणाचे आहे असे मला आता वाटत नाही. बांधाच्या बाहेर तिवर असेल तर लाटांचा मारा बांधावर येत नाही, हे आमचे म्हातारे सांगत आले आहेत. समुद्र वर येत राहणार असेल तर प्रत्येक बांध राखता येणार नाही. परंतु कोणता राखायचा आणि कोणता सोडायचा हे एका कुजलेल्या फळीने ठरवावे, याला माझा विरोध आहे. ते ग्रामसभेने नकाशा समोर ठेवून ठरवावे.

कातळसडा

आणि ज्याची जमीन सोडायची त्याला काय, हेही त्याच दिवशी ठरावे. नंतर नव्हे.

किनारपट्टी_अभियंता

मी किनारी बांधकामांच्या क्षेत्रात आहे, म्हणून दोन तांत्रिक गोष्टींची भर घालतो.

पहिली गोष्ट धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची. कोकणात किनाऱ्याची धूप म्हटले की मागणी एकच येते, दगडाचा बंधारा द्या. मागणी समजण्यासारखी आहे, कारण बंधारा दिसतो, त्याचे भूमिपूजन करता येते आणि तो मोजता येतो. परंतु एका गावापुढे दगड टाकले की लाटेची ताकद कडेला सरकते आणि पुढच्या गावाची पुळण (किनाऱ्याची वाळू) खाल्ली जाते, मग तेथेही मागणी येते. वाळू गावाची हद्द पाळत नाही. दोन भूशिरांमधला संपूर्ण किनारा हे एक एकक धरून विचार व्हायला हवा, आणि तो ग्रामपंचायत करू शकत नाही. त्यासाठी राज्याचीच पातळी योग्य आहे. प्रत्येक काम गावाकडे द्या, असे मी म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट धोका रेषेची. समुद्रपातळी, लाटा आणि किनाऱ्याचे सरकणे लक्षात घेऊन भारतीय सर्वेक्षण विभागाने देशाच्या किनाऱ्यावर धोका रेषा आखली आहे. १८ जानेवारी २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत ती रेषा आपत्ती व्यवस्थापन आणि अनुकूलन नियोजनाचे साधन म्हणून वापरावी असे म्हटले. बांधकामाची मर्यादा मात्र भरतीरेषेपासूनच मोजली जाते. त्याच अधिसूचनेत दाट वस्तीच्या ग्रामीण भागासाठी ना-विकास क्षेत्र २०० मीटरवरून ५० मीटरवर आले. ज्यांना आपल्या अंगणात पडवी वाढवायची होती त्यांना दिलासा मिळाला, हे खरे. पण उद्याच्या समुद्राची रेषा आराखड्यात आणि कालच्या समुद्राची रेषा परवानगीत, असा हा कारभार आहे. किमान ग्रामपंचायत विकास आराखडा करताना ती धोका रेषा गावाच्या नकाशावर उमटवून द्यावी, म्हणजे नवीन अंगणवाडी किंवा पाण्याची टाकी तिच्या समुद्राकडील बाजूला बांधली जाणार नाही. त्याला फारसा खर्च नाही.

पोफळीचे_आगर

आमच्या गावाच्या आराखड्यात कोणी असा नकाशा आणला तर मी ग्रामसभेला पहिल्या रांगेत बसेन. एरवी आराखडा म्हणजे पेव्हर ब्लॉक आणि हायमास्ट दिवे.

निवृत्त_नियोजन

ताई, त्यालाही कारण आहे. २०२१-२६ च्या वित्त आयोग अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधलेली होती. उरलेल्या ४० टक्क्यांत लहान पंचायतीच्या हाती जे पडते त्यातून दिवेच होतात, बाहेरकाठा होत नाही. पंचायतीला दोष देण्यापूर्वी तिची पिशवी पाहावी.

खारेपाटी, आता करण्याचे सांगतो. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ च्या कलम ३१ नुसार प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा असावा लागतो, त्यात असुरक्षित क्षेत्रे आणि सौम्यीकरणाचे उपाय लिहावे लागतात, आणि त्याचा दरवर्षी आढावा घ्यावा लागतो. आढाव्यापूर्वी ग्रामसभेचा ठराव जिल्हा प्राधिकरणाकडे पोहोचला पाहिजे. सोबत गट क्रमांकांची यादी, उधाणाच्या तारखा आणि त्या दिवशीची छायाचित्रे जोडावीत. शेजारची जी गावे त्याच खाडीवर आहेत त्यांचे ठराव त्याच मजकुरात घ्यावेत, म्हणजे एक गाव न दिसता एक खाडी दिसेल.

खारेपाटी

मसुदा असा केला आहे: ‘मौजे गावाच्या बाहेरकाठ्यावरील उघाडीची फळी कुजल्याने खारे पाणी शेतात शिरत असून सदर उघाडीची दुरुस्ती तातडीने करण्यात यावी, असे ही ग्रामसभा एकमताने ठरवते.’

निवृत्त_नियोजन

‘दुरुस्ती’ हा शब्द काढा. तो वाचताच कागद देखभालीच्या शीर्षकाकडे जातो आणि खासगी बंदिस्ती म्हणून परत येतो. ‘उधाणाच्या पाण्यापासून चाळीस एकर शेतीच्या जोखमीचे सौम्यीकरण करण्यासाठी उघाडीची पुनर्बांधणी’ असे लिहा. दाराची उंची आत्ताच्या मोठ्या उधाणाच्या पाण्याखुणेवरून ठरवावी, जुन्या दारावरून नव्हे, हेही त्याच वाक्यात येऊ द्या.

मांडवीची_खाडी

आणि बांधाबाहेरचा तिवर राखला जाईल, ही ओळ घाला. वन विभागाचा आक्षेप येण्याआधीच उत्तर जाईल.

खारेपाटी

दोन्ही बदल केले. आज ओहोटीच्या वेळी उघाडीच्या चिऱ्यावर नारळी पौर्णिमेची पाण्याखूण शोधली. शेवाळाची रेघ जुन्या दाराच्या वरच्या कडेपेक्षा चार बोटे वर आहे. तिचे छायाचित्र पट्टी लावून काढले आहे आणि ठरावाला जोडत आहे. शेजारच्या दोन गावांच्या सरपंचांकडे उद्या सकाळी जातो.